धोंडी हवालदारांचा बँड

माझा पुतण्या एका शाळेत हेडमास्तर आहे. शाळेत बँड सुरू करायचं त्याच्या मनात आहे. परवा घरी आला आणि म्हणाला, "काका, तुम्ही लहानपणी बँडात होता. पोरांना त्याचा खरंच काही उपयोग होतो का हो? की नुसतीच पायपीट आणि धूळ?"

मी त्याला आणखी एक कप चहा दिला आणि विषय बदलला. उत्तर द्यायचं तर धोंडी हवालदारांपासून सुरुवात करावी लागली असती, आणि त्याला संध्याकाळची एसटी गाठायची होती.

धोंडी हवालदार म्हणजे भोरला आमच्या शाळेचे बँडमास्तर. मूळचे वेल्ह्याकडच्या डोंगरातले, गुंजवणी नदीच्या पल्याडच्या एका लहानशा गावचे. पहिल्या मोठ्या लढाईत पलटणीबरोबर बसऱ्याला जाऊन आलेले. तिथे बिगूल वाजवता वाजवता कार्नेट शिकले. कार्नेट म्हणजे तीन कळांचं पितळी वाद्य, बिगुलाचा शहाणा भाऊ. तेवढं एक वाद्य आणि डाव्या कानाचा बहिरेपणा घेऊन ते परत आले. कान गेला तो तोफेच्या आवाजानं. त्यामुळे आमच्याशी बोलताना ते मान तिरकी करून उजवा कान पुढे करायचे. नव्या पोराला वाटायचं, मास्तर किती मायेनं ऐकतात! पहिली थप्पड बसेपर्यंत वाटायचं.

मास्तर मारायचे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे सगळं तेच आहे. हातानं मारायचे, पायानं मारायचे, आणि पितळी मुठीची एक काठी होती तिनं पोटऱ्यांवर मारायचे. नीरा नदीच्या कोरड्या पात्रात ते आम्हाला चालायला लावायचे. वाळूत पाय रुततो, ठेका चुकतो, आणि चुकला की काठी. वाद्याला हात लावू द्यायच्या आधी कित्येक आठवडे नुसतं चालणं. "आधी पाय, मग तोंड," म्हणायचे. "ज्याचा पाय चुकतुया त्यानं सूर लावला तरी कुणाच्या बापाच्या कामाचा न्हाई!" एखादं पोरगं रडायला लागलं की त्याच्या कानाशी वाकून सांगायचे, "रड की. पर ठेक्यात रड."

मी वरव्याचा. शेतकऱ्याचं पोर, भोरला बोर्डिंगात राहून शिकत होतो. माझ्याकडे लहान ड्रम आला. बँडात बहुतेक माझ्यासारखीच पोरं होती, खेड्यापाड्यातली, चालताना खांदे पाडून चालणारी. गावातल्या वकील-कारकुनांची पोरं आली की चार दिवसांत वळ दाखवायला घरी जायची, ती परत यायची नाहीत.

एकदा माझे आबा आले. सुगीच्या दिवसांत मी घरी गेलो नव्हतो, कारण मास्तरांनी सुट्टी दिली नव्हती. आबा थेट नदीत उतरले. हातात आसूड. आम्ही फळी धरून, म्हणजे रांगेत, वाजवत उभे होतो.

"शिकाया पाठिवलं व्हतं तुला, वाजप्या व्हाया न्हाई!" म्हणत त्यांनी पहिला आसूड माझ्या पाठीवर ओढला. दुसरा उचलला तो मास्तरांच्या हातावर बसला. मास्तर मध्ये आले होते. वादी मनगटाला तशीच गुंडाळून घेत त्यांनी असा हिसडा दिला, की आबा वाळूत तोंडघशी पडले. मास्तरांनी त्यांना उलथं केलं आणि छातीवर गुडघा रोवला.

"माझ्या फळीत हुभ्या ऱ्हायल्या पोराला हात लावायचा न्हाई."

"पोरगं माझं हाय!" आबा धापा टाकत म्हणाले.

"घरी. हितं माझं हाय. हितं मारायचं असंल तर म्या मारीन."

मग त्यांनी आबांना उठवलं, पाठीवरची वाळू झटकली, पागोटं डोक्यावर ठेवलं आणि एका दगडावर बसवून आम्हाला वाजवायला लावलं. मनगटावरून रक्त ओघळत होतं, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि निघून गेले. घरी जाऊन आईला म्हणाले, "त्यो मास्तर येडा हाय. पर आपलं पोरगं ताठ हुभं ऱ्हातंय तिथं."

आबा नजरेआड होताच मास्तर माझ्याकडे वळले आणि कानाखाली एक ठेवून दिली. "आसूड पडला तवा टिपरी का थांबली रं?"

आमच्यात सोपान म्हणून एक होता. पालीचा, राजगडाच्या पायथ्याचा. बाप लहानपणीच गेलेला, आई दुसऱ्याच्या खाचरात राबायची. हडकुळा, कमी बोलणारा. पण मास्तर नुसतं गुणगुणले की ते त्याच्या बिगुलातून तसंच्या तसं बाहेर पडायचं. त्याला सगळ्यांत जास्त मार बसायचा. चुकला म्हणून नाही, चुकला नाही म्हणूनही. "लई सोपं जातंय न्हवं तुला?" म्हणून मास्तर एक टोला द्यायचे आणि आधीपेक्षा अवघड काहीतरी वाजवायला सांगायचे. सोपान ते वाजवायचा. मास्तर पाठ फिरवायचे. पाठ फिरवल्यावर त्यांचा चेहरा कसा असायचा ते मी पाहिलेलं आहे, कारण माझी जागा फळीच्या टोकाला होती. त्या चेहऱ्याचा आणि काठीचा काही संबंध लागायचा नाही.

वेल्ह्याकडच्या एका गावानं देवीच्या जत्रेला आमचा बँड बोलावला. मास्तर सहसा कुठे जायचे नाहीत. बाजारात वाजवायला तर नाहीच. कुणी विचारलं तर शिवी देऊन वाटेला लावायचे. पण ती त्यांच्या बहिणीच्या सासरची देवी होती, म्हणून गेलो. पालखीपुढे बँड चालणार म्हटल्यावर गावच्या ढोलवाल्यांच्या पोटात दुखलं. पिढ्यान्‌पिढ्या तो मान त्यांचा. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही राग आला असता. दुपारपासून ते प्यायला बसले होते. पालखी निघाली आणि देवळाच्या उतारावर ते आडवे आले.

"ए पितळ्या, मागं सर!"

मास्तर वाजवत होते. त्यांनी थांबायची खूण केली नाही, म्हणून आम्हीही चालत राहिलो. ढोलाच्या काठ्या आमच्यावर पडू लागल्या. माझ्या शेजारच्या मारुतीचं डोकं फुटलं आणि रक्त डोळ्यांत उतरलं. तो डोळे मिटूनच चालत राहिला. लोक ओरडत होते, बायका पोरांना ओढून घरात नेत होत्या, पालखीचे भोई गोंधळून एका जागी फिरत होते. एका दांडगट गड्यानं दोन्ही हातांनी काठी उचलली आणि मास्तरांच्या कार्नेटवर समोरून घातली. पितळ तोंडात घुसलं. मास्तरांचे पुढचे दात सगळे गेले. कार्नेट उतारावरून गडगडत आलं.

सूर तुटला तसा सोपानानं बिगूल टाकला, ते कार्नेट उचललं आणि जिथे सूर तुटला होता तिथूनच पुढे लावला. फुंकायची जागा रक्तानं भरली होती. त्यानं ती पुसलीसुद्धा नाही. मास्तरांची बोटं बघून बघून कळा त्याला पाठ झाल्या होत्या.

मास्तर रक्ताच्या चुळा टाकत त्या गड्यापर्यंत गेले, त्याचा हात धरला आणि मागे पिरगळला. खांदा निखळल्याचा आवाज मला ड्रमच्या आवाजातही ऐकू आला. मग ते परत आले आणि सोपानाच्या बाजूनं मांडीवर हातानं ठेका धरत चालू लागले. आम्ही देवळाला वळसा घातला. मला सांगायला लाज वाटत नाही, मी आयुष्यात त्या दिवशी वाजवलं तसं पुन्हा कधी वाजवलं नाही. भीती कुठे गेली होती कुणास ठाऊक. आणि आज मी बाप झालो, आजा झालो, म्हणून हेही सांगतो, की कुणाच्या पोराला असं वाजवायला लागू नये.

त्यानंतर मास्तरांना कार्नेट वाजवता येईना. दातांच्या फटीतून वारा निसटायचा. महिनाभर आम्ही पाहत होतो, नदीकाठच्या करंजाखाली ते एकटे बसून फुंकायचे, फुस्स असा आवाज व्हायचा आणि ते जमिनीवर मुठी आपटायचे. एक दिवस त्यांनी सोपानाला बोलावलं.

"घे. माझं तोंड ग्यालं. आता तू माझं तोंड."

त्या दिवसापासून सोपानाला त्यांनी मारलं नाही. पुन्हा एकदाच मारलं. ते सांगायचं आहे.

दुसरी लढाई सुरू झाली होती. भोरला भरतीवाले आले. मैदानावर तंबू पडला, आणि शाळेच्या कमिटीनं बँडला तिथे वाजवायला सांगितलं. मास्तर हेडमास्तरांकडे जाऊन म्हणाले, "पोरास्नी तिथं न्हेणार न्हाई." हेडमास्तर सज्जन माणूस होते. त्यांनी समजावून सांगितलं, की शाळेला शब्द मोडता येणार नाही, तुम्ही नेलं नाहीत तर दुसरा कुणी नेईल. मास्तर तिरक्या मानेनं ऐकत राहिले. दुसरा कुणी नेईल हे त्यांना सोसवलं नसावं. त्यांनीच नेलं.

आम्ही गावातून वाजवत निघालो. मी मागे वळून पाहिलं तर आमच्या मागून माणसं चालत होती. बाजाराला आलेले जवान गडी, कुणाच्या खांद्यावर घोंगडं, कुणाच्या हातात कोंबडी. पहिल्यांदा ते नुसते हसत येत होते. थोड्या वेळानं त्यांचे पाय आमच्या पायांबरोबर पडू लागले. मास्तरांनीही मागे वळून पाहिलं. त्यांचा रंग असा उतरला, की मला वाटलं आता पडतात.

मैदानावर भरतीचा सुभेदार आमच्या फळीसमोरून फिरला. म्हणाला, "वा! ही पोरं तर तयारच आहेत." बँडातल्या तिघांनी तिथल्या तिथे नावं दिली. मारुती, आणखी एक जण, आणि सोपान. सोपानानं वय वाढवून सांगितलं. त्याला कबूल केलं होतं, की तुला पलटणीच्या बँडात घेऊ. डॉक्टरची तपासणी दुसऱ्या दिवशी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे शाळेच्या ओट्यावर जमलो होतो. तिघं तपासणीला निघाले होते, म्हणून निरोप द्यायला. मास्तर आले. अंगावर तोच खाकी कोट, हातात ती पितळी मुठीची काठी. मारुतीला आणि दुसऱ्याला त्यांनी जाऊ नका म्हणून सांगितलं. ते दोघं मान खाली घालून उभे राहिले. दोघांचेही बाप सोबत आले होते, मास्तरांचं काही चालणार नव्हतं. मग ते सोपानाकडे वळले.

"जाऊ नगंस."

"मास्तर, बँडात घेणार हायती मला."

"लढाई लागली की बँडवाल्याच्या हातातलं वाजप काढून घेत्यात. डोली देत्यात. मेलेली उचलायची."

"पगार आयला मिळंल."

"सोपाना, जाऊ नगंस म्हंतो म्या."

सोपान हसला. तो फारसा हसायचा नाही. म्हणाला, "तुमीच तर चालाया शिकिवलं, मास्तर."

मास्तरांनी काठी काखेत मारली. मग म्हणाले, "हात बघू तुजा." सोपानानं उजवा हात पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, बोटं चाचपली, एकेक बोट मागे-पुढे करून पाहिलं, ते कार्नेट शिकवताना पाहायचे तसंच. अंगठ्याजवळचं बोट धरून त्यांनी हात ओट्याच्या दगडावर ठेवला. सोपान अजून हसतच होता. मास्तरांनी काठी उलटी धरली आणि पितळी मूठ त्या बोटावर घातली. पुन्हा घातली.

बंदुकीचा घोडा ज्या बोटानं ओढतात ते बोट ते. कार्नेटची पहिली कळही त्याच बोटाची.

सोपान ओरडला नाही. तो आपल्या हाताकडे पाहत राहिला, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. मग एकदम खाली बसला आणि त्याच्या तोंडून जनावरासारखा आवाज निघाला. मारुतीच्या बापानं मास्तरांना धरून ओट्यावरून खाली लोटलं. चार-पाच जण त्यांच्यावर पडले. लाथा बसत होत्या, आणि मास्तर हात वर करत नव्हते. लोक दमले तेव्हा ते उठले, कामटीच्या दोन चिपा शोधून आणल्या, कोटाची बाही फाडली आणि सोपानाचं बोट बांधू लागले. सोपान दुसऱ्या हातानं त्यांच्या तोंडावर मारत होता. ते मार खात बांधत राहिले.

हेडमास्तरांनी त्यांना आत बोलावलं. आम्ही खिडकीशी होतो.

"धोंडीबा, हे काय केलंत तुम्ही? का?"

मास्तर भिंतीला टेकून उभे होते. दात नसल्यानं शब्द अर्धे वारा होऊन यायचे. "नसरापूरच्या बाजारात असाच बँड आला हुता, साहेब. म्या त्याच्या मागं ग्यालो. आवडला म्हून ग्यालो, दुसरं काय न्हाई. माझा धाकला भाऊ किसन माझ्या मागं आला. पायात पाय टाकून. कवळं प्वार. त्याला मागं फिर म्हनालो न्हाई. बरं वाटलं मला, संगत झाली म्हून." मग म्हणाले, "तिकडं त्याचं प्वाट फुटलं. म्या हातानं आत ढकलत हुतो. दीस मावळस्तवर जित्ता हुता."

हेडमास्तरांनी खुर्ची पुढे सरकवून त्यांना बसवलं. पण मास्तरांना ठेवणं शक्य नव्हतं. ठेवलंही नाही.

मास्तर सामान बांधत होते तेव्हा सोपानाची आई आली. पालीहून चालत आली होती, पाय धुळीनं मांडीपर्यंत माखलेले. आम्हाला वाटलं आता ही आकांत करणार. तिनं आधी पोराचा हात पाहिला. बोट काळंनिळं होऊन सुजलं होतं. मग ती मास्तरांसमोर जाऊन उभी राहिली.

"आता न्हेत न्हाईत न्हवं त्याला?"

"न्हाई. नापास केला."

"नक्की?"

"नक्की, बाई."

तिनं पायातली वहाण काढली आणि मास्तरांच्या तोंडावर मारली. एकदा, दोनदा, हात दुखेपर्यंत. "लेकराचा हात मोडलास! हात मोडलास माझ्या लेकराचा!" मग वहाण टाकून दिली आणि तिथेच मातीत बसून पदरानं तोंड झाकून घेतलं. आतून हुंदक्यात एवढंच येत होतं, "बरं झालं, बरं झालं."

बँड त्यानंतर मोडलाच. मारुती आणि दुसरा पोरगा लढाईवर गेले. दुसरा परत आला. मारुती इटलीत कामी आला. तार आली तेव्हा त्याच्या बापानं मला विचारलं होतं, "त्यानं माझ्या पोराचं बोट का न्हाई मोडलं रं?"

सोपान वाचला असं म्हणायचं तर म्हणावं. दोन वर्षं त्यानं कार्नेटकडे पाहिलं नाही. बोट वाकडं बसलं, वाकेना. मग पुण्यात एका लग्नाच्या बँडात सामान उचलायला लागला आणि एक दिवस उरलेल्या तीन बोटांनी तिन्ही कळा दाबून वाजवू लागला. पुढे तो त्याच बँडात मुख्य वाजवणारा झाला. मास्तरांचं नाव निघालं की उठून जायचा.

मी तोवर शाळामास्तर झालो होतो. लढाई संपल्यावर, एका श्रावणात, कामानं वेल्ह्याकडे जाणं झालं तेव्हा मास्तरांच्या गावी गेलो. ते खाचरात चिखलात उभे होते. दुसरा कानही जवळजवळ गेला होता. मला ओळखलं, आणि ओरडून म्हणाले, "पाठ वाकली तुजी! ताठ ऱ्हा!" घरात नेऊन नाचणीची भाकरी वाढली. इकडचं तिकडचं झालं. सोपानाबद्दल ते विचारत नव्हते. शेवटी मीच त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "सोपान वाजवतो!"

त्यांचा घास हातातच राहिला. "कसा?"

मी मधलं बोट, त्याच्या शेजारचं आणि करंगळी, अशी तीन बोटं हवेत हलवून दाखवली. त्यांनी ताट बाजूला सारलं. आपला खरकटा हात वर करून तीच तीन बोटं चालवून पाहिली. बराच वेळ चालवत राहिले. ओठ हलत होते.

"तिसऱ्या कळंला करंगळी कमी पडत आसंल," ते म्हणाले. "सांग त्याला, सकाळी उठल्यावर आदी नुसत्या करंगळीचा रियाज कर. बाकीची बोटं बांधून ठेव." आणि मग, "माझं नाव सांगू नगंस."

निरोप मी पोचवला, नाव सांगितलं नाही. सोपानानं करंगळी एकदा वाकवून पाहिली. मग म्हणाला, "अजून शिव्या देतो का?"

त्या दिवशी मास्तरांच्या घरून निघालो तर गुंजवणीला पाणी चढलं होतं. मी उद्या जातो म्हणालो. मास्तरांनी ऐकलं नाही, किंवा ऐकायचं नव्हतं. माझं मनगट पकडलं आणि पाण्यात उतरले. गढूळ पाणी कमरेपर्यंत आलं, मग छातीपर्यंत. मध्येच माझा पाय सुटला, नाकातोंडात पाणी गेलं, तसा त्यांनी मला असा हिसका मारला की खांदा उखडतो की काय वाटलं, आणि दुसऱ्या हातानं कानाखाली वाजवली. "खाली बगू नगंस! समोर बग!" पैलतीराच्या दगडावर मला अक्षरशः फेकलं.

मी खोकत उठून बसलो, तोवर ते परत फिरले होते. काठी नाही, दोर नाही. पाणी त्यांना आडवं रेटत होतं आणि ते मुठी आपटत, त्या पाण्याला आईबापावरून शिव्या देत चालले होते. मी हाक मारली. बहिऱ्या माणसाला काय ऐकू जाणार? पलीकडे पोचल्यावर त्यांनी धोतर पिळलं, आणि मागे न पाहता भातलावणीला निघून गेले. माझ्या मनगटावर त्यांच्या पाची बोटांचे निळे वळ उठले होते. वरव्याला पोचेपर्यंत ते ठणकत होते.